हळद, कर्क्युमिन आणि पेशीपटल : परिणामवाचक विधानांची चिकित्सा

औषधी वनस्पतीतून वेगळे काढलेले एखादे द्रव्य जिवंत पेशीवर कोणता परिणाम करते, हा प्रश्न प्रथमदर्शनी रसायनशास्त्राचा व शरीरक्रियाशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परिणाम प्रयोगशाळेत घडतो तेव्हा तो केवळ एक घटना असतो. त्याचे ज्ञान होते ते विधान झाल्यावर. आणि विधान म्हटले की त्याला कर्ता आला, क्रियापद आले, विभक्ती आली. प्रयोगशाळेतील घटना आणि रुग्णाच्या घरातील समजूत ह्यांमधील सारी वाट वाक्यांचीच असते. त्या वाटेवर कोठे काय सांडते हे पाहणे भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचे मानता येणार नाही. हळदीतील कर्क्युमिन ह्या द्रव्याविषयीचे लेखन ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कारण एक तर ते विपुल आहे, आणि दुसरे म्हणजे ज्या वस्तूविषयी ते बोलते ती मराठी घरात रोज हाताळली जाते. अशा परिचित वस्तूविषयीचे विधान वाचक तपासून घेत नाही. ते त्याला आधीच पटलेले असते.

आरंभ नावापासून करावयास हवा. 'हळद' हा शब्द संस्कृत 'हरिद्रा', प्राकृत 'हलिद्दा' अथवा 'हलद्दा' ह्या मार्गाने मराठीत आला, आणि येथे त्याचा अर्थ चांगलाच पसरला. शेतातले पीक हळद, सांगलीच्या बाजारात सौद्याला येणारे हळकुंड हेही हळद, डब्यातील पूड हळद, बोट कापले असता त्यावर दाबावयाची ती हळद, आणि लग्नात नवरानवरीला लागते तीही हळदच. कर्क्युमिन हे ह्यांपैकी कशाचेही नाव नव्हे. फोगेल व पेल्तिए ह्या दोघांनी १८१५ साली हळकुंडातील पिवळे रंगद्रव्य वेगळे काढले. त्याची रासायनिक रचना निश्चित होण्यास १९१० साल उजाडले. सामान्यतः हळदीच्या पुडीत हे द्रव्य व त्याची जातभाई द्रव्ये मिळून शेकडा २ ते ५ एवढीच असतात. उरलेला भाग प्रामुख्याने पिष्ट, तंतू, ओलावा, तेल इत्यादींचा. एवढ्यानेही भागत नाही. प्रयोगशाळांना 'कर्क्युमिन' ह्या नावाने जे विकत मिळते तेही बहुधा मिश्रणच असते : शेकडा ७७ च्या आसपास खुद्द कर्क्युमिन, १७ च्या आसपास डेमेथॉक्सिकर्क्युमिन आणि ३ च्या आसपास बिसडेमेथॉक्सिकर्क्युमिन. म्हणजे ज्या नावाने एका रेणूचा बोध व्हावा ते नाव व्यवहारात तीन रेणूंच्या कुटुंबाचे आडनाव झालेले आहे.

मराठीतील लोकप्रिय वैद्यकीय लेखनाचा नेहमीचा घाट असा की, शीर्षकात 'हळद', मजकुरात 'कर्क्युमिन' आणि समारोपात पुन्हा 'हळद'. वाचक हळदीपासून निघतो आणि हळदीपाशीच येऊन पोचतो. मधल्या मजकुरात त्याचा पदार्थ बदलला गेला होता हे त्याच्या ध्यानात येत नाही. साहित्यशास्त्रात ह्या व्यवहारास लक्षणा म्हणतात. अंशासाठी समग्राचे नाव घेणे काव्यात शोभते. 'गाव जेवले' ह्या वाक्याने कोणाची फसवणूक होत नाही. पण ज्या वृत्तांतात मात्रेला महत्त्व आहे तेथे हीच लक्षणा तीसपट-चाळीसपट अतिशयोक्तीचे काम निमूटपणे करून जाते.

नावाच्या संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 'कुर्कुमा' हे हळदीच्या वंशाचे शास्त्रीय नाव अरबी 'कुर्कुम' ह्यावरून आले. ह्या अरबी शब्दाचा अर्थ केशर. संस्कृत 'कुंकुम' ह्याचाही मूळ अर्थ केशरच, आणि ह्या दोन शब्दांचे नाते व्युत्पत्तिकारांनी मान्य केलेले आहे. म्हणजे कर्क्युमिन आणि कुंकू हे शब्द दूरचे सोयरे ठरतात. आता नवल असे की, पदार्थ म्हणूनही त्यांचे नाते आहे. पारंपरिक पद्धतीने केलेले कुंकू म्हणजे क्षारयुक्त द्रव्याच्या योगाने लाल केलेली हळदच होय. आणि ती लाल होते ती कर्क्युमिनच्या रेणूने क्षाराच्या सान्निध्यात आपला हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, सोडल्यामुळे. हे केवळ मनोरंजन नव्हे. प्रोटॉन सहज सोडण्याची हीच प्रवृत्ती पुढे तंतुकणिकांच्या प्रकरणात महत्त्वाची ठरते, आणि क्षारतेकडे किंचित झुकलेल्या द्रावणात हा रेणू टिकत नाही हेही ध्यानात ठेवावयास हवे.

आता पटलाकडे वळावे. इंग्रजीतील 'मेंब्रेन' हा शब्द लॅटिन 'मेंब्राना' ह्यावरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ कातडी किंवा लिहिण्याचे चर्मपत्र. मराठीत त्यासाठी निरनिराळ्या लेखकांनी 'पटल', 'आवरण', 'कला' असे शब्द योजिले. पाठ्यपुस्तकांत 'प्रद्रव्यपटल' स्थिर झाला. 'आवरण' हा शब्द सर्वांत सुबोध, आणि सर्वांत दिशाभूल करणारा. आवरण म्हणजे वरून घातलेले झाकण. ते काढले तरी आतली वस्तू तीच राहते. पेशीचे पटल असे नाही. ते गेले की पेशी उरत नाही. सुश्रुताने शारीरस्थानात सात कलांचे वर्णन केले आहे. तेथे कला म्हणजे धातू आणि त्याचा आशय ह्यांमधील मर्यादा होय. ही मर्यादेची कल्पना झाकणाच्या कल्पनेपेक्षा आजच्या ज्ञानाला अधिक जवळची आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र सुश्रुताला पेशीपटल ठाऊक होते असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. खुद्द 'पेशी' हा शब्दच त्या ग्रंथांत स्नायूंच्या मांसल भागासाठी येतो, हे ह्या संदर्भात पुरेसे बोलके आहे. 'श्लेष्मकला'सारख्या शब्दांतून 'कला' मराठी वैद्यकीय परिभाषेत टिकली. पेशीच्या बाबतीत मात्र मागे पडली. ललितकलांशी होणारा घोटाळा टाळण्यासाठी तसे झाले असेल तर ते समजण्यासारखे आहे.

हे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, हे गॉर्टर व ग्रेंडेल ह्यांनी १९२५ साली दाखविले. सिंगर व निकल्सन ह्यांनी १९७२ साली त्याचे जे प्रवाही चित्र मांडले ते पुढे बरेच सुधारले गेले, तरी त्याचा गाभा टिकला आहे. दोन थर मिळून जाडी ४ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पंधरा-वीस हजारावा भाग. मेदरेणूंची पाण्याशी फटकून वागणारी शेपटे आत, पाण्याशी जमवून घेणारी डोकी बाहेर. ह्या तैलस्वरूप अंतर्भागात प्रथिने रोवलेली असतात, आणि पेशीत काय शिरावे व काय बाहेर पडावे ह्याचा बराचसा व्यवहार त्यांच्याकडे असतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. फोडणीत हळद घातली असता रंग तेलात उतरतो हे ज्याने पाहिले आहे त्याला हा रेणू पेशीपाशी आल्यावर कोठे जाईल हे सांगावयास नको. तो पटलात शिरतो. प्रश्न आहे तो शिरल्यावर काय होते हा, आणि येथेच क्रियापदाची परीक्षा होते.

ह्या विषयावरील तीन शोधनिबंध एकत्र वाचण्यासारखे आहेत. न्यूयॉर्क येथील वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील अँडरसन ह्यांच्या गटाने २००७ साली कृत्रिम पटलावर प्रयोग केले. ग्रॅमिसिडिन नावाच्या लहान पेप्टाइडचे दोन अर्धे तुकडे पटलाच्या दोन थरांत एकेक असे असतात. ते समोरासमोर येऊन जुळले की आरपार नळी तयार होते, सुटले की नळी नाहीशी होते. ही नळी पटलाच्या जाडीपेक्षा आखूड असल्याने जुळताना पटलाला थोडे आत ओढून घ्यावे लागते. पटल लवचीक झाले तर जोडी अधिक काळ टिकते. कर्क्युमिन घातल्यावर ती अधिक काळ टिकली. पुढच्या वर्षी हंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने पटलाची जाडी मोजली, आणि कर्क्युमिनच्या प्रमाणानुसार ती कमी होते, पण सरळ रेषेत कमी होत नाही, असे त्यांना आढळले. तिसरा निबंध मिशिगन विद्यापीठातील रामामूर्ती ह्यांच्या गटाचा, २००९ सालचा. घनावस्थेतील चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने त्यांनी असे दाखविले की, कर्क्युमिनचा रेणू पटलात खोलवर, पटलाला आडवा छेद देऊन उभा राहतो. मेदरेणूंच्या फॉस्फेट गटाशी हायड्रोजन बंधाने अडकतो. आणि कोलेस्टेरॉलप्रमाणे आसपासच्या शेपटांना काहीशी शिस्त लावतो.

एकाच्या मते पटल मऊ होते, दुसऱ्याच्या मते पातळ होते, तिसऱ्याच्या मते त्याच्या घटकांत शिस्त येते. ह्या विधानांत विरोध आहे असे घाईने म्हणता येणार नाही, कारण पद्धती निराळ्या, मेदांचे मिश्रण निराळे, मोजलेली राशीही निराळी. पण ह्या तिन्ही निबंधांत एक समान गोष्ट आहे, आणि ती मराठी व्याकरणाच्या भाषेत नेमकी सांगता येते. ह्या तिघांच्याही विधानांचा खरा कर्ता पटल आहे. कर्क्युमिन हे निमित्त आहे. 'कर्क्युमिनने पटल पातळ झाले' हे वाक्य ह्या निष्कर्षांना न्याय देते. 'कर्क्युमिनने पटल पातळ केले' हे देत नाही. दोन्ही वाक्यांत '-ने' हाच प्रत्यय आहे. पहिल्यात तो कारण दाखवितो, दुसऱ्यात कर्ता. 'पावसाने भिंत पडली' आणि 'गड्याने भिंत पाडली' ह्यांत जो भेद आहे तोच येथे आहे. मराठीत पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, फुटणे–फोडणे, होणे–करणे अशा जोड्यांची मुबलकता असल्याने हा भेद आपल्या भाषेत एका स्वराच्या फरकाने करता येतो. इतकी सोय असूनही वैद्यकीय मराठी लेखन जवळजवळ नेहमी 'करते' हेच क्रियापद निवडते : हळद रक्षण करते, नाश करते, दुरुस्त करते. पावसाला गड्याचे काम दिले जाते.

हा शब्दच्छल आहे असे वाटत असेल तर अँडरसन ह्यांच्याच गटाचा २०१४ सालचा निबंध पाहावा. मिरचीतील कॅप्सेसिन, हळदीतील कर्क्युमिन, हिरव्या चहातील, सोयाबीनमधील आणि द्राक्षांतील एकेक द्रव्य अशी पाच वनस्पतिद्रव्ये त्यांनी घेतली. ह्या द्रव्यांची कीर्ती अशी की, ती असंख्य निरनिराळ्या प्रथिनांवर 'कार्य करतात'. निबंधाचे म्हणणे असे की, ह्या द्रव्यांनी पटलाचेच गुणधर्म बदलतात, आणि त्यात रोवलेली परस्परांशी संबंध नसलेली प्रथिने त्याच संहतींना निराळी वागू लागतात. जमीन खचली की घरातील प्रत्येक दार अडकू लागते. प्रत्येक दाराच्या बिजागरीचा स्वतंत्र दोष शोधीत बसण्यात अर्थ नसतो. एका प्रथिनाला हेरून त्यावर काम करणारे औषध आणि पटलात विरघळून सर्वांना थोडेथोडे हलविणारे द्रव्य ह्यांत औषधशास्त्राच्या दृष्टीने अंतर फार मोठे आहे. पहिल्याला लक्ष्य असते, म्हणून त्याची मात्रा बांधता येते, दुष्परिणाम बरेचसे अजमावता येतात. दुसऱ्याच्या बाबतीत 'हे कशाकशावर गुणकारी आहे' ह्या यादीची लांबी हीच शंकेची जागा ठरते. 'करते' आणि 'होते' ह्यांतील निवड म्हणजे ह्या शास्त्रीय वादातील बाजूचीच निवड होय, आणि ती लेखकाकडून बहुधा नकळत केली जाते.

तंतुकणिकांच्या प्रकरणात प्रश्न अधिक नाजूक होतो. १८९८ साली बेंडा ह्याने सूक्ष्मदर्शकातून दिसले तसे, म्हणजे कोठे धाग्यासारखे तर कोठे कणासारखे, वर्णन करून ग्रीक भाषेतील 'धागा' व 'कण' ह्या दोन शब्दांतून 'मायटोकाँड्रिया' हे नाव घडविले. मराठी 'तंतुकणिका' हा त्याचा शब्दशः अनुवाद आहे, आणि त्यामुळे तो एकोणिसाव्या शतकातील भिंगाचे चित्र तेवढे जपतो. ह्या कणिकांचे कार्य सांगण्यासाठी पाठ्यपुस्तके 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' असे म्हणतात. ह्या रूपकाने पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांची सोय झाली आहे. पण त्यात पटल हरवते. मिचेल ह्यांनी १९६१ साली मांडलेल्या आणि १९७८ साली नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या सिद्धान्ताचे मर्म हेच की, तंतुकणिकेच्या आतील पटलाच्या एका बाजूस प्रोटॉन साठविले जातात आणि ते परत येताना ज्या प्रथिनयंत्रातून येतात ते एटीपी घडविते. धरणाची उपमा येथे अधिक चपखल आहे. वीजगृह भिंतीच्या पायथ्याशी असते, पण वीज निर्माण होते ती भिंत पाणी अडविते म्हणून. आतील पटलावरील विभवांतर १५० ते १८० मिलिव्होल्ट एवढे भरते. आकडा लहान दिसतो, परंतु काही नॅनोमीटर जाडीच्या पटलावर ते असल्याने एका मीटरला लावून पाहिले तर ते तीन कोटी व्होल्टच्या घरात जाते. अशी भिंत किंचित झिरपू लागली तरी काय होईल हे उघड आहे.

ह्या भिंतीशी कर्क्युमिनचा संबंध काय, ह्याविषयी प्रसिद्ध झालेले निष्कर्ष नीट वाचले पाहिजेत. मोरँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली उंदराच्या यकृतातून वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांत कर्क्युमिन घातले, तेव्हा पटलाची पारगम्यता वाढली, कणिका फुगल्या, विभवांतर कोसळले आणि एटीपीची निर्मिती मंदावली. ह्यासाठी कॅल्शियमचे अल्प प्रमाण असणे आवश्यक होते. सिंगापूर येथून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निबंधानुसार कर्क्युमिनमुळे इंधनाचे ज्वलन चालू राहते पण एटीपी घडत नाही. धरणातील पाणी यंत्राला वळसा घालून खाली जावे तसा हा प्रकार. प्रोटॉन सोडण्याची आणि घेण्याची जी प्रवृत्ती कुंकवाच्या लाल रंगात दिसते ती असा वळसा घडवून आणण्यास अनुकूल आहे. आणि ह्याच्या अगदी उलट, ऑक्सिडीकारक आघातापासून कर्क्युमिनमुळे तंतुकणिका वाचल्या असे सांगणारे निबंधही मोठ्या संख्येने आहेत.

मग तंतुकणिका वाचतात की बुडतात? उत्तर मात्रेवर, वेळेवर, पेशीच्या जातीवर, भोवतालच्या द्रावणावर अवलंबून आहे, आणि ही सारी माहिती मूळ निबंधांत दिलेली असते. वॉर्सा येथील गटाने १९९८ साली उंदराच्या थायमस ग्रंथीतील पेशींवर केलेल्या कामाच्या शीर्षकातच 'मृत्युसदृश' आणि 'परतणारे' अशा अर्थाची दोन विशेषणे पटलातील बदलांना लाविली आहेत, आणि तंतुकणिकेच्या विभवांतरातील फेरफाराला 'तात्पुरते' म्हटले आहे. तीन विशेषणांत त्या शास्त्रज्ञांनी आपला सारा सावधपणा ओतला आहे. हेच काम कोणी आपल्याकडे सांगताना 'हळद पेशींना मारते' किंवा 'हळद पेशींचे रक्षण करते' असे म्हणेल, तर विशेषणे गळून जातात आणि नाम व क्रियापद तेवढे उरते. अनुवादात विशेषण हे पहिले बळी पडते, हा अनुभव साहित्याच्या अनुवादकांनाही नवीन नाही.

येथवर भाषेचा दोष झाला. पण ह्या विषयात खुद्द उपकरणाच्या साक्षीचाही एक दोष आहे, आणि तो कर्क्युमिनच्या पिवळेपणातून येतो. तंतुकणिकेचे विभवांतर डोळ्यांनी दिसत नाही. ते ऱ्होडामाइन १२३ किंवा जेसी-१ ह्यांसारख्या चमकणाऱ्या रंगांच्या साहाय्याने पाहावे लागते. कणिकेत किती रंग शिरला ह्यावरून विभवांतराचा अंदाज बांधतात. आता कर्क्युमिन स्वतः निळा प्रकाश शोषून हिरवट प्रकाश बाहेर टाकते. वरील रंगांची हिरवी चमकही त्याच पट्ट्यात पडते. म्हणजे साक्षीदाराच्या आवाजात आरोपीही बोलू लागतो. काळजीपूर्वक प्रयोग करणारे कर्क्युमिनची स्वतःची चमक आधी मोजून ती वजा करतात. जेथे ती केल्याचा उल्लेख नाही तेथे वाचकाने आकड्यावर विसंबून राहू नये. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी जी रंग-कसोटी सर्रास वापरतात तिच्यातील रंगद्रव्याचेही काही वनस्पतिद्रव्ये पेशीच्या मदतीवाचून थेट क्षपण करू शकतात, हीही ज्ञात गोष्ट आहे.

ह्यात भर म्हणजे रेणूचा अल्पायुषीपणा. सीरमविरहित द्रावणात, ७.२ इतक्या सामू-मूल्याला व ३७ अंश तापमानाला, अर्ध्या तासात कर्क्युमिनचा सुमारे शेकडा ९० भाग विघटित होतो, असे १९९७ साली दाखविले गेले. सीरम असेल तर तो अधिक टिकतो. तेव्हा चोवीस तासांनी दिसलेल्या परिणामाचा कर्ता कर्क्युमिन की त्याचे तुकडे, हा प्रश्न व्याकरणाचा आहे तितकाच रसायनाचा आहे.

मात्रेचा हिशेब ह्याहून कठोर आहे. परीक्षानळीतील बहुतेक प्रयोगांत १० ते ५० मायक्रोमोल अशी संहती वापरली जाते. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता रक्तद्रवातील कमाल संहती सरासरी १.७७ मायक्रोमोल भरली. शेकडा ३ ह्या प्रमाणाने ८ ग्रॅम कर्क्युमिनसाठी पाव किलोहून अधिक हळद लागेल. आमटीतून ती जाणार नाही हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. आतडे व यकृत ह्या रेणूला झपाट्याने दुसऱ्या संयुगांत बदलून बाहेर घालवितात. ह्यावर तोडगा म्हणून मिरीतील पिपेरीन सोबत द्यावे, असे बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली सुचविले, आणि त्याने मानवी रक्तातील उपलब्धता शेकडा २००० ने वाढली असे नोंदविले. हा आकडा आज गोळ्यांच्या बाटल्यांवर छापलेला दिसतो. मूळ निबंध वाचणाऱ्यास कळते की, नुसते कर्क्युमिन दिले असता रक्तातील प्रमाण मोजता न येण्याइतके किंवा अत्यल्प होते. जवळजवळ शून्याच्या वीसपटीला मराठीत काय म्हणतात हे बाजारातल्या साध्या माणसासही ठाऊक असते. पण तो आकडा 'शेकडा' ह्या वेषात आला की ओळखू येत नाही.

ह्या सर्व शंका एकत्र आणून मिनेसोटा विद्यापीठातील नेल्सन, वॉल्टर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली जो विस्तृत समीक्षालेख लिहिला तो ह्या क्षेत्रात गाजला. कर्क्युमिनच्या १२० हून अधिक चिकित्सालयीन चाचण्या होऊनही दुहेरी अज्ञात पद्धतीची, निरौषधी गोळीशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही, आणि हा रेणू कसोट्यांना फसविणाऱ्या रेणूंच्या वर्गात मोडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी त्यावर आक्षेपही प्रसिद्ध झाले. सर्वच चाचण्या एका झटक्यात मोडीत काढणे योग्य नव्हे, असे आक्षेपकांनी म्हटले. त्या आक्षेपांत तथ्य आहे. 'यशस्वी' ह्या शब्दाची व्याख्या समीक्षालेखात जेवढी घट्ट असावयास हवी होती तेवढी नाही, आणि कठोर समीक्षकानेही आपला निकष आधी सांगितला पाहिजे. परंतु पटलावरील परिणामापासून रोगनिवारणापर्यंत जी उडी मारली जाते तिच्याविषयीचा त्यांचा मुद्दा ह्या आक्षेपांनी खोडला गेलेला नाही.

मराठी वाचकाच्या मनात ह्या चर्चेच्या आड एक जुना विजय उभा असतो. जखम भरून आणण्यासाठी हळदीचा वापर ह्यावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. परिषदेचे प्रमुख तेव्हा रघुनाथ माशेलकर होते. पुरावा म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उतारे व १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध सादर झाले होते. भाषेच्या अभ्यासकाला ह्या लढ्याचे अगत्य असणारच, कारण तो ग्रंथांतील वाक्यांनी जिंकला गेला. मात्र जे सिद्ध झाले ते एवढेच की, हळद जखमेवर लावण्याची युक्ती नवी नव्हती. ती किती गुणकारी आहे हा प्रश्न त्या कार्यवाहीपुढे नव्हता; कर्क्युमिन, पेशीपटल, कर्करोग ह्यांचा तर संबंधच नव्हता. 'आमचे आहे' हे विधान आणि 'लागू पडते' हे विधान ह्यांची गल्लत त्या विजयानंतरच्या लेखनात होत आली आहे.

'हळद तंतुकणिकांचे रक्षण करते' ह्या चार शब्दांच्या वाक्याऐवजी 'उंदराच्या यकृतातून काढलेल्या तंतुकणिकांत, कॅल्शियमच्या सान्निध्यात, अमुक संहतीचे कर्क्युमिन मिसळले असता पटलाची पारगम्यता वाढली' असे लिहिले तर ते कोण वाचील, असा आक्षेप येईल. तो पोकळ आहे. पाकशास्त्राच्या मराठी पुस्तकात पाव चमचा, चिमूटभर, मंद आचेवर, तेल तापल्यावर, असे सारे तपशील असतात आणि ती पुस्तके आवडीने वाचली जातात. स्वयंपाकघरातील हळदीला जी शिस्त आहे ती औषधातील हळदीला नको, हे म्हणणे चमत्कारिक आहे.

आणि ही शिस्त उलट दिशेनेही पाळावी लागते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधनजाळ्याने हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित अशा यकृतविकाराच्या १० रुग्णांचा वृत्तांत २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला, आणि ७ जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच आनुवंशिक प्रकार आढळला. तपासलेल्या काही गोळ्यांत मिरीचे पिपेरीनही होते. ह्या वृत्तांतावरून कोणी 'हळदीने यकृत बिघडते' असे लिहील तर तेही तितकेच चुकीचे होईल. त्या १० जणांनी आमटी खाल्ली नव्हती, गोळ्या घेतल्या होत्या. आणि लक्षावधी लोक त्या घेत असता आजारी पडले ते थोडे, त्यांतही बहुतेकांत तो विशिष्ट आनुवंशिक प्रकार होता. 'काही व्यक्तींत, हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेतल्यानंतर, यकृतास इजा झाली' असेच ते वाक्य लिहावे लागेल, आणि त्यातील 'काही', 'अर्काच्या' आणि 'नंतर' ह्यांपैकी एकही शब्द गाळता येणार नाही.